धाप न लागणारा माणूस

पाण्यात बुडी मारल्यावर चार मिनिटं अकरा सेकंदांनी जोतिराम कोळी वर आला. त्याच्या डाव्या काखेत एक बाई होती.

जीप कालव्यात कोसळली होती आणि ही बाई मागच्या सीटवर अडकली होती. बचाव पथकातले दुसरे दोघे प्रत्येकी दोनदा खाली जाऊन रिकाम्या हातानं परतले होते. ते आता काठावर ओणवे होऊन धापा टाकत होते. पथकप्रमुख दिलावर मुजावरनं बाईला सिमेंटच्या उतारावर आडवं केलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. थोड्या वेळानं ती खोकली, तोंडातून पाणी आलं, आणि जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

वृषालीनं टाळी वाजवली नाही. जोतिरामला तपासणीसाठी सांगलीला न्यायला म्हणून ती आली होती आणि कालव्यावरच्या गर्दीत सापडली होती. ती नवऱ्याच्या छातीकडे बघत होती. इतका वेळ पाण्याखाली काढलेल्या माणसाची छाती भात्यासारखी हलायला हवी होती. जोतिरामचा श्वास देवळाच्या पायरीवर निवांत बसलेल्या माणसासारखा चालला होता. ओठ तेवढे जांभळे पडले होते, आणि त्या जांभळ्या ओठांनी तो हसत होता.

"तू कधी आलीस?" त्यानं विचारलं. "थांब, कपडे बदलतो. उशीर झाला का?"

"तुम्हाला काही होत नाहीये?"

"मला काय धाड भरलीय? बाईकडं बघ, बाईकडं. वाचली ती."

ती वाचली होती हे खरंच होतं. तिच्या मांडीवर कुणीतरी तिचं दोन वर्षांचं मूल आणून ठेवलं होतं. सांगलीपर्यंतच्या वाटेत वृषाली सारखी त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

जोतिराम अडतिसाव्या वर्षी आजारी पडला होता. त्या वर्षी उन्हाळा सत्तेचाळीस अंशांवर गेला होता, आणि तो दिवसा द्राक्षबागेत काम करून उरलेल्या वेळात पथकासाठी नदीत उतरत होता. त्या पट्ट्यात तोवर शेकडो माणसांची मूत्रपिंडं अशीच निकामी झाली होती. लोक त्या आजाराला 'उन्हाची किडनी' म्हणत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं आणि नदीत पोहणारा माणूस घराचा जिना चढेना झाला.

वृषाली एका मोठ्या रुग्णालयात तंत्रज्ञ होती. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या धमनीतलं रक्त तिच्या यंत्रात यायचं आणि दीड मिनिटात पडद्यावर आकडे उमटायचे. त्यामुळं नवऱ्याच्या शरीरात काय चाललं आहे हे तिला डॉक्टरांइतकंच कळत होतं.

माणूस काही न करता नुसता पडून राहिला तरी त्याच्या शरीरात आम्ल तयार होत राहतं. रक्ताला ते सोसत नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्टीत राहावा लागतो. तो ७.१ झाला तर आकड्यातला फरक किरकोळ वाटतो, पण तोवर हायड्रोजनचे आयन दुप्पट झालेले असतात आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. म्हणून शरीरात तीन पहारे असतात. पहिला रक्तात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा. आम्ल दिसलं की तो त्याला क्षणात धरतो आणि त्याचं पाणी नि कार्बन डायऑक्साइड करून टाकतो. दुसरा पहारा फुप्फुसांचा, ती हा कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर फेकतात. आणि तिसरा मूत्रपिंडांचा. ती सावकाश, तासातासानं, उरलंसुरलं आम्ल लघवीतून घालवतात आणि खर्ची पडलेला बायकार्बोनेट पुन्हा भरून देतात.

जोतिरामचा तिसरा पहारा उठला होता. सगळा भार दुसऱ्यावर आला होता. डायलिसिसच्या आदल्या दिवशी त्याचा पीएच ७.२२ पर्यंत उतरायचा आणि तो आडवा पडल्यापडल्या डोंगर चढणाऱ्या माणसासारखा खोल, घाईचे श्वास घ्यायचा. शेजारी पडलेल्या वृषालीला तो आवाज ऐकून स्वतःलाच दम लागायचा. एकदा तो म्हणाला होता, "कुणीतरी मला पळवतंय आणि थांबूच देत नाही, असं वाटतं बघ." अशी दोन वर्षं गेली.

मग 'समतोल' आलं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं बनवलेलं, तळहातात मावणारं कृत्रिम मूत्रपिंड. डॉ. फरीदा शिकलगार यांनी ते जोतिरामच्या उजव्या कुशीत बसवलं. कमरेच्या पट्ट्यातून त्याला वीज मिळायची आणि दर चौथ्या दिवशी एक छोटी नळी बदलावी लागायची, एवढंच. आठ दिवसांत त्याचा पीएच ७.४० वर आला. तो मुलीबरोबर, ओवीबरोबर, जिना चढून गच्चीवर गेला आणि पतंगाची दोरी धरून उभा राहिला. वृषाली खालच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडली.

त्यानंतर त्याचा पीएच ७.४० च राहिला. जेवल्यावर, पळाल्यावर, तापात. ७.३९ नाही की ७.४१ नाही. वृषालीनं बारा वर्षांत इतकी सरळ रेघ कुणाच्याच रक्ताची पाहिली नव्हती.

जोतिराम शांत झाला होता. आधी तो तापट होता. ओवीला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर फाटकापर्यंत चार चकरा मारायचा. आता ओवीची सायकल ट्रॅक्टरला धडकून हात मोडल्याचा फोन आला, तेव्हा त्यानं हातातली भाकरी संपवली, ताट धुतलं आणि मग गाडीची किल्ली शोधली. "घाबरून काय उपयोग?" असं तो म्हणाला, आणि ते बरोबरही होतं. पण घरातली सगळी धाकधूक आता एकट्या वृषालीच्या वाट्याला आली होती.

कालव्यावरच्या त्या दिवसानंतर रविवारी दुपारी तिनं त्याला खुर्चीत बसवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली आणि म्हणाली, "श्वास रोखा. नको वाटलं की सोडा."

दीड मिनिट झालं. क्लिपवर ९१ होते. अडीच मिनिटांनी ७६. जोतिराम एका हातानं नाक दाबून टेबलावरचं वर्तमानपत्र वाचत होता. सव्वातीन मिनिटांनी आकडा ५८ झाला. त्यानं पान उलटायला हात उचलला आणि तो हात पानापर्यंत पोचलाच नाही, हवेतच डुलला. वृषालीनं त्याच्या नाकावरची बोटं ओढून काढली, त्याला गदागदा हलवलं.

"श्वास घ्या! घ्या म्हणते ना!"

त्यानं घेतला. डोळे स्थिर झाले. "काय झालं?" तो म्हणाला. "बरा होतो की मी. अजून दोन मिनिटं सहज गेली असती."

दुसऱ्या दिवशी ती डॉ. शिकलगार यांच्यासमोर बसली होती. डॉक्टरांनी तिचे आकडे दोनदा वाचले.

"धाप कशानं लागते, वृषाली?" त्यांनी विचारलं. "तुला माहितीय, पण तरी सांग."

"आम्लानं. कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूच्या देठाजवळच्या पेशींना आम्लता कळते आणि त्या श्वास मागतात."

"आणि ऑक्सिजन कमी झाला तर?"

"त्याची जाणीव फार उशिरा होते. आणि पुसट."

"बरोबर. गुदमरलेला जीव ओरडतो तो आम्लासाठी ओरडतो. ऑक्सिजन संपत आला तर माणसाला उलट बरंच वाटतं, हलकं वाटतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "समतोल मूत्रपिंडाचं काम करतं, पण मूत्रपिंडाच्या गतीनं करत नाही. उलट्या-जुलाबांत रक्त एकदम बिघडू नये म्हणून त्याला एक जलद टप्पा दिलाय. श्वास रोखल्यावर साठणारा कार्बन डायऑक्साइडही ते चार-पाच मिनिटं शोषून घेतं. रुग्ण खूश होते, धाप गेली म्हणून. आम्हीही खूश होतो. हा माणूस चार मिनिटं पाण्याखाली बसेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही."

"तो टप्पा बंद करता येतो?"

"माझ्या संगणकावरून येतो. त्याच्या फोनवरून आणि तुझ्याही, तू त्याची काळजीवाहक आहेस. उरलेलं काम चालूच राहील. त्याला बाकी जगासारखी धाप लागेल, एवढंच. पण तो शुद्धीवर आहे, शहाणा आहे. त्याला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. तूही लावू नकोस."

जोतिरामनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाही."

"अहो, तुम्हाला कळतंय का? तुम्ही ताकदवान झाला नाहीत. तुमच्या अंगातली घंटा बंद झालीय."

"कळतंय."

"मग?"

"तू दोन वर्षं माझ्या शेजारी झोपलीस," तो म्हणाला. "पण तो श्वास तुझा नव्हता. मी एकेक मोजून घेतलाय. आता घेतला, पुढचा मिळंल का? पाणी प्यायचं म्हटलं तरी भीती, तेवढ्या वेळात श्वास चुकंल म्हणून. वृषाली, मी पुन्हा एकदासुद्धा तसला दम सोसणार नाही. आणि कालव्यातली ती बाई? दोन मिनिटांत वर आलो असतो तर तिचं पोरगं आज कुणाकडं असतं?"

तिच्या फोनवर तो टप्पा बंद करायचा पर्याय होता, अंगठ्याएवढा. गुपचूप बंद करावं असं तिला कितीदा तरी वाटलं. पण चार मिनिटांच्या भरवशावर पाण्यात शिरलेल्या माणसाला खाली गेल्यावर धाप लागली तर तो तिथंच संपेल, हेही तिला दिसत होतं. बंद करणं धोक्याचं होतं आणि चालू ठेवणंही.

शेवटी तडजोड झाली. त्यानं मनगटावर ऑक्सिजन मोजणारा पट्टा बांधायचा, सत्तरच्या खाली गेलं की तो थरथरणार. कमरेला दोर बांधल्याशिवाय पाण्यात शिरायचं नाही. आणि दोन मिनिटं झाली की काठावरच्यानं विचारायचं नाही, ओढायचं. दिलावरनं वृषालीच्या गळ्याची शपथ घेतली.

"आणि प्रत्येक वेळी मला फोन करायचा, दिलावरभाई. तो उतरायच्या आधी."

"करतो वहिनी. तुम्ही निर्धास्त राहा."

निर्धास्त राहणं तिला जमलं नाही. शक्य तेव्हा ती स्वतः काठावर जाऊन घड्याळ धरायची. दिलावरच्या हँडसेटमधून जोतिरामच्या मनगटाच्या आणि कमरेच्या पट्ट्यांतले आकडे तिच्या फोनवर यायचे. कामावर असताना ती फोन उलटा ठेवायची, मग सुलटा करायची, मग रक्ताच्या नमुन्यावर चुकीचं नाव चिकटवायची. वरिष्ठांनी दोनदा समज दिली. तिचं वजन उतरलं. रस्त्यात कुणी जोरात हाक मारली तरी ती आधी फोन बघायची. जोतिराम तिला म्हणायचा, "किती गं जीव टांगणीला लावून घेतेस," आणि शांतपणे चहा प्यायचा. एकदा दोराच्या हिसक्यानं वर आल्यावर त्यानं सांगितलं, "पट्टा थरथरत होता. मी म्हटलं, थरथरू दे. त्यानं काय जीव घाबरत नाही गं. नुसतं मनगट हलतं."

त्या वाक्यानं ती सगळ्यात जास्त अस्वस्थ झाली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, दिलावरचा फोन आला. वृषाली प्रयोगशाळेत होती.

"वहिनी, सदामते वस्तीवर आहोत. आज पाणी नाही, काळजी करू नका. तुम्हाला कळवायचं म्हणून करतोय. आधीच करणार होतो, पण इथं गडबडच तशी होती."

"काय झालंय?"

"कोरडी विहीर आहे, साठ फूट. गाळ काढायला दोन माणसं उतरली होती. खालीच पडली दोघं. एकाला जोतिरामनं आत्ता वर काढला, जिवंत आहे. दुसऱ्यासाठी परत उतरलाय."

वृषाली उभी राहिली. "दिलावरभाई, खाली गॅस आहे. ती दोघं उगाच पडली नाहीत."

"असणारच. ऑक्सिजनचा संच दुसऱ्या गाडीत आहे, अर्ध्या-पाऊण तासात पोचेल. तोवर थांबलो तर माणूस जाईल, जोतिराम म्हणाला. पण तो म्हणतोय खाली मोकळं वाटतंय. बोलतोय चांगला."

बंद पडलेल्या जुन्या विहिरीच्या तळाशी गाळ कुजतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खालीच साचून राहतो आणि ऑक्सिजनला जागा ठेवत नाही. धडधाकट माणसाला तिथं पाऊल टाकताच दम लागतो, जीव घाबरा होतो, आणि नशीब असेल तर तो तेवढ्यात शिडीकडे धावतो. जोतिरामला मोकळं वाटत होतं. पाणी नव्हतं म्हणून कुणी घड्याळ लावलं नव्हतं.

तिनं फोनवर त्याचे आकडे उघडले. पीएच ७.४०. त्याखाली ऑक्सिजन ७१.

"त्याला वर ओढा. आत्ता!"

"दोर त्याच्या अंगाला नाही, वहिनी. सोडून त्या माणसाला बांधतोय. दोर एकच आहे."

"हाक मारा त्याला!"

दिलावरची हाक तिनं ऐकली. मग खूप खालून, दगडांवर घुमत, जोतिरामचा आवाज आला. तो जराही घाईत नव्हता. "एकच गाठ राहिलीय!"

६६.

"त्याला म्हणावं, मी सांगतेय! वर या म्हणावं!"

पुन्हा हाक. पुन्हा तो आवाज, आता किंचित जड, दारू प्यालेल्या माणसासारखा. "हां, हां. आलो की."

६२. यंत्राची शोषून घ्यायची क्षमता संपायला आली होती, पडद्यावर ती दाखवणारी पट्टी लाल झाली होती. पट्टी भरायच्या आत तो शुद्ध हरपून पडला असता. गाठ त्याच्या आधी बसली असती, की नसती? तिला माहीत नव्हतं. जलद टप्पा बंद केला तर आम्ल दोन-तीन श्वासांत मेंदूपर्यंत पोचणार होतं. तो घाबरून शिडी धरेल, किंवा एकदम मोठा श्वास घेऊन तो गॅस आणखी आत ओढेल. यातलं काय होईल, तेही माहीत नव्हतं.

५९.

तिनं अंगठा दाबला. पडद्यानं विचारलं, 'नक्की?' तिनं पुन्हा दाबला.

सुरुवातीला फोनमधून काहीच ऐकू आलं नाही. मग तो आवाज आला. खरखरीत, ओढून घेतलेला श्वास, त्यामागून दुसरा, तिसरा, आणि मग किंकाळी. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, तिनं जोतिरामला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"ओढा!" दिलावर ओरडत होता. "दोर हलतोय, ओढा रे, ओढा!"

तिकडून फोन कट झाला.

ती रिक्षानं, मग वाटेत मिळालेल्या जीपमधून, कशीबशी पोचली तेव्हा जोतिराम रुग्णवाहिकेत ऑक्सिजनचा मुखवटा लावून पडला होता. जिवंत होता. आकडे सुधारत होते. संच घातलेला माणूस नुकताच विहिरीत उतरला होता. थोड्या वेळानं त्यानं दुसऱ्याला वर आणलं. बत्तीस वर्षांचा ओंकार सदामते. त्याला झाकायला कुणीतरी धोतर आणलं.

जोतिरामनं मुखवटा बाजूला केला. "काय केलंस तू?"

"बंद केलं."

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, एकच गाठ राहिलीय."

तो छताकडे बघत राहिला. छाती अजून जोरात वरखाली होत होती. "दोर त्याच्या काखेतनं घातला होता मी," तो म्हणाला. "नुसती गाठ मारायची होती. आणि एकदम, काय झालं कळलंच नाही, असं वाटलं मी मरतोय. मी तो दोर त्याच्या काखेतनं ओढून काढला, वृषाली. ह्या हातांनी. आणि माझ्या अंगात घातला."

तिनं त्याच्या हाताला हात लावला. त्यानं तो काढून घेतला.

डॉ. शिकलगार यांनी यंत्रातली नोंद वाचली. त्यांच्या मते आणखी वीस-तीस सेकंदांत जोतिराम कोसळला असता. ओंकार त्याच्या आधीच, पहिल्या माणसाला वर काढत असतानाच गेला असावा, बहुतेक.

"बहुतेक म्हणजे?" जोतिरामनं विचारलं.

"बहुतेक म्हणजे बहुतेक. याहून नक्की मला सांगता येणार नाही."

त्याच खोलीत वृषालीनं एका अर्जावर सही करून आपला काळजीवाहकाचा अधिकार सोडला. आता ते बटण डॉक्टरांच्या संगणकाखेरीज फक्त जोतिरामच्या फोनवर होतं. तो ते त्याच दिवशी चालू करणार असं तिनं धरलं होतं. त्यानं चालू केलं नाही. का नाही, ते सांगितलंही नाही. तो घरात फारच कमी बोलायचा. ओवीशी बोलायचा, भाजीवाल्याशी बोलायचा, वृषालीशी 'नळी बदलायची आहे' एवढंच. ती झोपेत अंगठा दाबत राहायची आणि दचकून जागी व्हायची. एकदा जाग आली तेव्हा जोतिराम उठून बसला होता आणि ओवीच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. "ती खोकली का गं?" त्यानं विचारलं. वर्षभरात प्रथमच त्यानं असं काही विचारलं होतं. ओवी खोकली नव्हती.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उभा राहिला.

"सदामते वस्तीवर जायचंय," तो म्हणाला. "चल."

ओंकारची बायको सानिका अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं दोघांना ओळखलं, पदर सावरला, घोंगडी अंथरली. सासरे आतून आले, नमस्कार करून पुन्हा आत गेले. जोतिराम बसला. वृषाली त्याच्या मागे जरा अंतर ठेवून बसली.

मग सानिकानंच विचारलं. आवाजात राग नव्हता. बरेच दिवस मनात घोळवलेला प्रश्न होता.

"दादा, तुम्ही वर का आलात?"

वृषालीनं तोंड उघडलं. 'मी' एवढा शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. जोतिराम तिच्या आधी बोलला.

"भ्यालो," तो म्हणाला. "श्वास पुरेना, जीव घाबरला. ओंकारच्या काखेतनं दोर घातला होता मी. तो काढून घेतला आणि वर आलो."

सानिकाचा हात मिरच्यांवर तसाच राहिला. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. वृषालीला वाटलं, आता ही उठेल, ओरडेल, निघा म्हणेल.

"त्यांना पण असंच झालं असेल का?" सानिका म्हणाली. "श्वास पुरेना असं?"

नाही म्हणणं सोपं होतं. आल्यागेल्या प्रत्येकानं तिला तेच सांगितलं असणार.

"झालं असेल," जोतिराम म्हणाला. "पण फार वेळ नाही. तिथं दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. मला माहिती आहे. मी ते दोन-चार घेतलेत."

तिनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "सगळे म्हणतात त्यांना काही कळलं नसेल. मला ते खरं वाटायचं नाही," ती म्हणाली, आणि मग पदर तोंडावर धरून रडायला लागली. वृषाली उठून तिच्याजवळ जाऊन बसली. जोतिराम जागचा हलला नाही. त्याचेही डोळे वाहत होते आणि त्यानं ते पुसले नाहीत.

निघून दोघं वस्तीच्या बांधापर्यंत आले.

"माझं नाव का नाही घेतलंत?" वृषालीनं विचारलं. "खरं सांगायचं होतं."

"खरंच सांगितलं की. बटण तू दाबलंस. दोर मी काढला."

"मी दाबलं नसतं तर..."

"तर मी तिथंच असतो. ते मला माहितीय, वृषाली. पहिल्या दिवसापासून माहितीय. फक्त तुझ्यासमोर म्हणता येत नव्हतं."

मागून सानिकाची हाक आली. ती अनवाणीच बांधावरून घाईनं येत होती.

"दादा, एक सांगायचं राहिलं. सोमवारी पुन्हा माणसं उतरणार आहेत गाळ काढायला. प्यायला पाणी नाही, मामंजी कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही येऊन सांगाल त्यांना?"

जोतिरामनं वृषालीकडे पाहिलं.

"किती वाजता?" वृषालीनं विचारलं.

"सात वाजता जमतात."

"आम्ही सहालाच येतो," ती म्हणाली. "ऑक्सिजनचा संच घेऊन येतो. आणि आम्ही आल्याशिवाय एकालाही शिडी लावू देऊ नकोस. कुणीही सांगितलं तरी."